टाइमशेअर कंपन्यांना खुले पत्र : वारसाला हक्क द्या, नकाराची मुभाही द्या

प्रति,
सुट्टी-सदस्यत्वे विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि सदस्य-सेवा विभागांचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क देणारी मेंबरशिप, विकताना तुमचा प्रतिनिधी नवरा-बायको दोघांना समोर बसवतो आणि एक वाक्य हमखास म्हणतो : पुढे हे तुमच्या मुलांनाच राहणार आहे. त्या वाक्यावर विसंबून अनेकांनी सह्या केल्या. आज त्यांतले बरेच सभासद सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. 'मुलांना राहणार' म्हणजे नेमके काय राहणार, कोणत्या कागदावर, किती खर्चात आणि मुलांना नको असेल तर काय, याचे स्पष्ट लेखी उत्तर करारात शोधावे तर सहसा हाती लागत नाही. वारसा आणि मृत्युपत्रांच्या कागदपत्रांचे काम करणारे आम्ही काही जण म्हणून हे पत्र लिहीत आहोत. वारसाला सदस्यत्व हवे असेल तर ते विनाकटकट मिळावे, आणि नको असेल तर तितक्याच सहजपणे सोडता यावे, एवढी आमची मागणी आहे.

वारशाने मिळते ती वस्तू कोणती, हे आधी सांगायला हवे, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडचा टाइमशेअर बहुतेक वेळा करारातून मिळालेला वापराचा हक्क असतो. त्याला सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उताराही नाही. क्लब महिंद्राची सर्वांना ठाऊक असलेली मेंबरशिप २५ वर्षांची, वर्षाला ७ दिवसांची. सीझनचा रंग (वर्षातला कोणता काळ वापरता येईल त्याची खूण) आणि खोलीचा आकार ठरलेला. अशा पद्धतीचे सदस्यत्व २००६ साली घेतले असेल तर ते २०३१ साली संपते. सभासद २०२६ मध्ये वारला तर मुलांच्या हाती उरतात ५ वर्षे. पंचवीस वर्षे नव्याने सुरू होत नाहीत. हे घरात कोणालाच माहीत नसते, आणि तुमच्या हस्तांतराच्या फॉर्मवर 'शिल्लक मुदत' असा रकाना असला तर पहिल्याच दिवशी कळेल.

हिशेबही मांडून पाहा. समजा वार्षिक वर्गणी २०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३,६०० रुपये. पाच वर्षांचे झाले १,१८,०००. हस्तांतर शुल्क समजा १५,००० अधिक जीएसटी, म्हणजे १७,७००. एकूण १,३५,७०० रुपयांत ३५ रात्री, म्हणजे रात्रीमागे सुमारे ३,८७७ रुपये. प्रवास आणि जेवण वेगळे. मुलगी नोकरीमुळे पाचांपैकी तीनच वर्षे जाऊ शकली, तर तीच रात्र ६,४६२ रुपयांना पडते. वर्गणी दरवर्षी वाढली तर आकडा आणखी चढेल. वारसाने सही करण्यापूर्वी हा हिशेब करावा म्हणून तुम्ही त्याला तीन गोष्टी लेखी द्यायला हव्यात : मुदत संपण्याची तारीख, चालू वर्षाची वर्गणी आणि मागची थकबाकी. या तीन ओळींच्या पत्रासाठी कुटुंबाला महिनोन् महिने मेल पाठवावे लागतात.

आता नॉमिनी. तुमच्या फॉर्मवर हा रकाना असतो आणि सभासदाची समजूत असते की तिथे थोरल्याचे नाव लिहिले की विषय संपला. तो संपत नाही. नॉमिनी हा विश्वस्त, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने विमा पॉलिसीबाबत तेव्हाच्या कायद्याप्रमाणे १९८३ मध्ये सांगितले. शेअर्सच्या बाबतीत शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी तेच सांगितले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेला हा खटला. नॉमिनीमुळे कंपनीला कोणाशी पत्रव्यवहार करायचा ते कळते, हक्क मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जातो. विमा आणि शेअर्सच्या नामांकनाला निदान कायद्याचे कलम आहे. तुमच्या नामांकनामागे फक्त तुमच्याच कराराचे कलम. तेव्हा नॉमिनीच्या नावावर परस्पर हस्तांतर करून मोकळे होणे तुमच्याही हिताचे नाही, कारण दोन वर्षांनी धाकटी बहीण नोटीस पाठवते. आणि नॉमिनी असतानाही 'आधी कोर्टाचे आणा' म्हणून अडून बसणे तितकेच चूक.

त्या 'कोर्टाचे आणा'बद्दल थोडे सविस्तर. तुमचे कर्मचारी सरसकट सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र, मागतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधली कलमे ३७० ते ३९० वाचा : ते प्रमाणपत्र मृताची येणी आणि रोखे यांच्यासाठी आहे. मुदत ठेव, शेअर्स, उसने दिलेले पैसे यांना ते चालते. महाबळेश्वरला सात रात्री राहण्याचा हक्क हे येणेही नव्हे आणि रोखाही नव्हे. महाराष्ट्रात अशा हक्कासाठी जवळचा कागद म्हणजे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला. चुकीचा कागद मागितला की वकिलाची फी, जाहीर नोटिशीचा खर्च आणि काही महिने वाया जातात, आणि एवढे करून न्यायालय विचारते, यात येणे कोणते? शिवाय अर्जात मालमत्तेची किंमत लिहावी लागते. पाच वर्षे उरलेल्या सदस्यत्वाची किंमत किती, हे कंपनीने लिहून दिल्याशिवाय वारस सांगणार कसा?

आमचे म्हणणे असे की जिथे मृत्युपत्र आहे किंवा सगळे वारस एकमताने सही करायला तयार आहेत, तिथे कोर्टाची पायरी चढायला लावूच नका. पुढचे कागद पुरेसे आहेत : मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये आणि नाते सांगणारे नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र, ज्यांना सदस्यत्व नको त्यांची हक्कसोड किंवा ना-हरकत, ज्याच्या नावावर होणार त्याचे बंधपत्र, की पुढे दुसरा हक्कदार निघाला तर नुकसान मी भरीन, ओळखपत्रे, आणि मूळ सदस्यत्व प्रमाणपत्र. प्रमाणपत्र हरवले असेल तर पोलिसांकडची हरवल्याची नोंद. वाद असेल तरच न्यायालय. ही यादी एका पानावर छापा आणि त्यावर तारीख घाला. आज कुटुंबांना होणारा खरा जाच यादीच्या लांबीचा नाही, ती दर फोनला बदलते याचा आहे. आणखी एक बारीक गोष्ट : तुमच्या नमुन्यांवर अजून '१०० रुपयांच्या स्टॅम्पवर' असे छापलेले असते. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून असे दस्त ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावे लागतात. जुन्या नमुन्यामुळे लोक दोनदा नोटरीकडे जातात.

वारसांच्या यादीत सर्वांत जास्त वेळा राहून जाते ती आजी, म्हणजे मृताची आई. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते. वडील येत नाहीत. पत्नी, दोन मुले आणि आई हयात असतील तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा. तुमच्या फॉर्मवर 'पती/पत्नी' आणि 'मुले' एवढेच रकाने असतात, म्हणून आईची सही घेतलीच जात नाही आणि हस्तांतर कच्चे राहते. सदस्यत्व पत्नीच्या एकटीच्या नावावर असेल तर चित्र वेगळे : कलम १५ प्रमाणे आधी मुलगे, मुली आणि पती, सासू नाही. लग्न झालेल्या मुलीचा हक्क दोन्हीकडे मुलाइतकाच. ख्रिस्ती कुटुंबात पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. मुस्लिम आणि पारशी कुटुंबांचे नियम आणखी वेगळे. एकच फॉर्म सगळ्यांना लावू नका.

नावांचा घोळ तर आपल्याकडचा खास. प्रमाणपत्रावर 'श्री. व सौ. कुलकर्णी', आधारवर पूर्ण नाव, मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावासकट नाव, पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. लग्नापूर्वीचे आणि नंतरचे आडनाव वेगळे असलेल्या मुलीला 'मी तीच' हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि 'ऊर्फ' लिहिलेले एक प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे. राजपत्रात नाव बदलून आणायला सांगणे अतिरेक आहे. आणि 'श्री. व सौ.' यातल्या 'व'चा अर्थ तुम्ही करारात लिहून ठेवा. एक जण गेल्यावर दुसऱ्याकडे सगळे जाते की अर्धेच, हे बऱ्याच करारांत नाही, आणि विधवा आईला स्वतःच्याच सदस्यत्वासाठी मुलांकडून ना-हरकत आणायला सांगितले जाते. नव्या करारांत 'हयात असलेल्या सहसभासदाकडे आपोआप' हे शब्द घाला. जुन्यांसाठी दोघे हयात असतानाच एकपानी पुरवणीवर सह्या घ्या.

सभासद वारल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत घातक, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. घरचे आधी मोबाइल बंद करतात. ओटीपी त्याच नंबरवर जायचा, त्यामुळे खाते उघडत नाही. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, मग तो कायमचा गेला. इकडे बँकेने खाते गोठवले की वर्गणीचा आपोआप कापला जाणारा हप्ता परत जातो. तुमची यंत्रणा त्याची 'थकबाकी' अशी नोंद करते, व्याज लावते आणि बुकिंग अडवते. दिवाळीसाठी वडिलांनीच केलेले बुकिंग तुमचा रिसॉर्ट 'सभासद स्वतः हजर नाही' म्हणून नाकारतो. यातले काहीच कुणी मुद्दाम केलेले नसते. उपाय सोपा आहे. मृत्यूचा दाखला मिळाल्याच्या तारखेपासून ९० दिवस खाते 'वारसा प्रलंबित' अशा नोंदीखाली ठेवा : त्या काळात व्याज नाही, दंड नाही, न वापरता जमलेल्या रात्री रद्द नाहीत, आधी झालेले बुकिंग कुटुंबातल्या कोणालाही वापरता येईल. कुटुंबांनाही आमची विनंती, की हस्तांतर होईपर्यंत तो नंबर किमान रिचार्जवर चालू ठेवा आणि नोंदलेला ई-मेल बंद करू नका.

आता नकाराविषयी. आमच्या मते या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. 'वडील गेले, आता पुढची सगळी वर्गणी तुमच्यावर' असे तुमचे वसुली विभाग मुलांना सांगतात. हे कायद्याला धरून नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० प्रमाणे मृताच्या देण्यासाठी वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. ज्या मुलाने सही केली नाही, हस्तांतर घेतले नाही, रात्री वापरल्या नाहीत, त्याच्या स्वतःच्या पगाराला तुम्ही हात लावू शकत नाही. मात्र मुलांनीही एक पथ्य पाळावे : ठरत नाही तोवर त्या सदस्यत्वावर सुट्टी काढू नका आणि वर्गणीचा हप्ता स्वतःच्या खात्यातून भरू नका. दोन्ही गोष्टी नंतर 'स्वीकारले' याचा पुरावा म्हणून पुढे येतात.

मृत्युपत्र लिहिताना याहून मोठी चूक होते. उत्तराधिकार अधिनियमाचे कलम १२२ म्हणते की मृत्युपत्रातल्या देणगीबरोबर बोजा, म्हणजे एखादी जबाबदारी, येत असेल तर ती पूर्ण स्वीकारावी लागते, नाहीतर तीतले काहीच मिळत नाही. कलम १२३ म्हणते की दोन वेगळ्या, स्वतंत्र देणग्या असतील तर बोज्याची नाकारून फायद्याची घेता येते. कायद्यातले उदाहरणच पाहा : भाड्याने देऊन मिळेल त्याहून जास्त भाडे भरावे लागणारा भाडेपट्टा आणि काही रक्कम एकाच माणसाला दिली, त्याने पट्टा नाकारला, तरी रक्कम त्याला मिळते. टाइमशेअर नेमका तसाच आहे. म्हणून 'माझे सर्व शेअर्स, ठेवी व सदस्यत्वे मुलीस' असे एका वाक्यात कधीही लिहू नका. सदस्यत्वाला स्वतंत्र क्रमांकाचे कलम द्या. त्यात सदस्यत्व क्रमांक, खोलीचा प्रकार, सीझन, संपण्याचे वर्ष आणि जमलेल्या रात्री लिहा. मृत्यूच्या दिवशीची थकबाकी इस्टेटीतून भरायची की घेणाऱ्याने, ते लिहा. पहिल्याने नाकारले तर कोणाला, आणि त्यानेही नाकारले तर 'कंपनीला परत' असे स्पष्ट लिहा. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांतला कोणी लाभार्थी नसावा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

त्या 'कंपनीला परत' शब्दांना अर्थ यावा म्हणून तुम्ही एकपानी त्यागपत्राचा नमुना ठेवा. सर्व वारसांची सही, मृत्यूचा दाखला, मूळ प्रमाणपत्र परत आणि तुमच्याकडून ३० दिवसांत 'आता काहीही येणे नाही' असे पत्र. त्यासाठी शुल्क घेऊ नका. त्या रात्री तुम्ही पुन्हा विकू शकता, त्यात तुमचे नुकसान नाही.

भावंडांत सात रात्री वाटून घेता येत नाहीत, आणि तुम्ही एकाच कुटुंबाचे नाव लावता. तेव्हा ज्यांना ठेवायचे आहे त्यांनी एकाच्या नावावर करून आपसात साधा लेखी करार करावा : कोणाचे कोणते वर्ष, वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत कोणी द्यायची, न दिल्यास त्या वर्षाचा हक्क पुढच्याला, मे आणि दिवाळीच्या आठवड्यांची पाळी वेगळी. कंपनीने त्यात पडण्याची गरज नाही, पण पाहुण्याच्या नावाने बुकिंग करताना भावंडांकडून वेगळे शुल्क घेऊ नये. नातवाच्या नावावर करायचे असेल तर तो १८ वर्षांचा असावा. अल्पवयीन मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ पासून ठरलेले आहे, त्यामुळे वर्गणीची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही.

हयातीतच मुलाच्या नावावर करणे कागदाच्या दृष्टीने सर्वांत सोपे : दोघांच्या सह्या, शुल्क, संपले. पण त्या दिवसापासून आई-वडील पाहुणे होतात, हे तुमच्या माणसाने तोंडाने सांगायला हवे. आपला आठवडा दुसऱ्या रिसॉर्टमधल्या आठवड्याशी बदलून देणाऱ्या आरसीआयसारख्या संस्थेचे सदस्यत्व वेगळे असते. तिथे जमा केलेला आठवडा आपोआप नव्या नावावर येईल असे धरून चालू नका, आधी वापरून टाका किंवा लेखी विचारा.

गोव्याचे सभासद तुमच्या फॉर्ममध्ये बसतच नाहीत. तिथे बहुतेक दांपत्यांची मालमत्ता सामाईक असते. पती गेला तर पत्नी अर्ध्याची धनीण असते, आणि ती वारस म्हणून नव्हे. उरलेल्या अर्ध्यातलाही निम्माच भाग मृत्युपत्राने हवा तसा देता येतो, बाकीचा मुलांसाठी राखीव. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली वारसांच्या घोषणेचा दस्त विशेष नोटरीपुढे होतो. तो पुरेसा माना, मुंबई-पुण्याचे प्रतिज्ञापत्र मागू नका. गोंयकाराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी हाच कायदा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. उलट, पुण्याच्या सभासदाचा हक्क करारी असेल तर रिसॉर्ट गोव्यात आहे एवढ्याने त्याला गोव्याचा वारसा कायदा लागत नाही. हा उलटसुलट गोंधळ नेहमी होतो.

परदेशातल्या मुलांची सही हवी असेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागद इथे ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणन, लावलेले चालावे. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. असा दस्त महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावा लागतो, हे मुलांना पहिल्याच मेलमध्ये कळवा. आणि अमेरिकेत फ्लोरिडासारख्या ठिकाणी नोंदणीकृत खरेदीखतावर टाइमशेअर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावे की तिथे ती स्थावर मालमत्ता असते. त्या राज्यात वेगळी प्रोबेट, म्हणजे न्यायालयातून वारसा सिद्ध करण्याची प्रक्रिया, लागू शकते, आणि कराच्या दृष्टीने ग्राह्य नकार द्यायचा तर मृत्यूपासून ९ महिन्यांच्या आत लेखी द्यावा लागतो.

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, म्हणून तुमचा करार हाच कायदा असे समजू नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये मृत ग्राहकाचा वारस हाही तक्रारदार आहे. ग्राहकावर अवाजवी शुल्क किंवा अट लादणारा करार 'अनुचित करार' ठरू शकतो आणि त्याची दाद राज्य ग्राहक आयोगाकडे मागता येते. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा आयोग : तक्रार वारस राहतो तिथे, दोन वर्षांच्या आत, आणि कंपनीला दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फीशिवाय. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. वारसांनी तिथवर जावे अशी आमची इच्छा नाही.

म्हणून तुमच्याकडून आम्हाला हवे आहे ते एवढेच : कागदांची एकपानी यादी, हस्तांतराचे ठरलेले शुल्क, ९० दिवसांची 'वारसा प्रलंबित' सवलत आणि त्यागपत्राचा विनाशुल्क नमुना. या चारही गोष्टी मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत तुमच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक वार्षिक बिलाच्या मागे छापा. पुढच्या वर्गणीचे बिल निघण्यापूर्वी हे झाले, तर यंदाच ज्यांच्या घरी दुःखाचा प्रसंग येईल त्यांना उपयोग होईल.

आपले,
वारसा व मृत्युपत्रांच्या कागदपत्रांचे काम करणारे काही जण